चौथा ठोका

त्या घरातून बाहेर पडायचं तर आधी गाडी जाऊ द्यावी लागे. घर रुळांशेजारी होतं असं नव्हे. रूळच घरात होते. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी, जिथे चारचौघांच्या घरी कोच आणि टीपॉय असतात, तिथे भिंतीला धरून कमरेच्या उंचीवर प्लायवूडचा रुंद फळा फिरवलेला. फळ्यावर बोगदे, पूल, सिग्नल, मालधक्का, इंजिनांची शेड, सगळा जामानिमा. बाहेरचं दार नेमकं या संस्थानाच्या पलीकडे. म्हणून दारासमोर फळ्याचा एक तुकडा बिजागऱ्यांवर बसवला होता. तो उचलायचा, पलीकडे जायचं, पुन्हा खाली टाकायचा. पण फेरीवर गाडी असली की त्याला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. दूधवाला असो की डॉक्टर, गाडी जाईपर्यंत ताटकळायचं.

"लोकांच्या घरी कुलूप लागतं, आपल्या घरी फाटक लागतं," असं धाकटी म्हणायची. धाकटी मोठी हुशार. लग्न ठरल्याबरोबर फाटकातून जी सटकली, ती वर्षातून एकदा पाहुण्यासारखी येऊ लागली. मागे राहिली थोरली.

थोरली चाळिशी ओलांडलेली. लग्न का जमलं नाही ते विचारू नका; तिलाही कुणी धड विचारलं नव्हतं. बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला होती. भिंगाखाली केसाएवढी तार धरून टाका मारावा तर तिनेच. मालक स्वतः गिऱ्हाइकांना सांगायचा, "थांबा जरा, बाईंचा हात रिकामा होऊ दे." मग आई गेली. बाबा एकटे पडले. दोघी बहिणी काय करायचं ते बोलायला बसल्या, आणि बोलणं संपलं तेव्हा थोरलीची नोकरी सुटलेली होती. कशी, ते तिला अजून कळलेलं नाही.

बाबांना सगळी गल्ली ड्रायव्हरसाहेब म्हणे. कोळशाच्या इंजिनावर फावडं मारण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि मोठ्या डिझेलवरून निवृत्त झाले. आई होती तोवर छोट्या गाड्यांचा नाद एका कपाटात मावत होता. ती गेली आणि नाद भिंतीभिंतीने पसरला. तरी तोही चालून गेला असता. पण एका प्रदर्शनात त्यांनी डिजिटल गाड्या बघितल्या, आणि थोरलीच्या मागे साडेसाती लागली.

हे डिजिटल प्रकरण तसं समजायला सोपं. जुन्या पद्धतीत रुळांत वीज सोडली की रुळांवरची सगळी इंजिनं एकदम पळत सुटायची, मेंढरांसारखी. डिजिटलमध्ये प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चकती बसवायची. तिला म्हणायचं डिकोडर. प्रत्येक डिकोडरला आपापला नंबर. हातातल्या कंट्रोलरवर ज्याचा नंबर दाबाल तेच इंजिन हलणार, बाकीची मुकाट उभी. आणि डिकोडर आवाजाचा असला तर इंजिन नुसतं हलत नाही. ते धापा टाकतं, शिट्टी मारतं, ब्रेक लागताना किंचाळतं, थांबल्यावर उसासे सोडतं.

ऐकायला मजा वाटते. करणाऱ्याचे मात्र नाकी नऊ येतात. इंजिनाचं वरचं कवच काढायचं. रुळांकडून मोटरला जाणाऱ्या तारा तोडायच्या आणि मधे डिकोडर घालायचा. मोटरचं टोक चुकून इंजिनाच्या धातूला टेकलेलं राहिलं तर डिकोडर फट्कन जळतो, आणि तो वास दोन दिवस नाकातून जात नाही. मग बोटाच्या पेराएवढा स्पीकर कुठे कोंबायचा याची मारामार. जुन्या इंजिनांच्या पोटात वजनासाठी शिसं भरलेलं असतं. ते कानशीने घासून जागा करायची. एवढं करून कवच परत बसत नाही, कारण एक तार कुठेतरी चिमटलेली असते. थोरलीने मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल मांडलं होतं. ती तिथे बसून ही बाळंतपणं करायची. पदार्थ करपल्याचा वास आला की उठायची, विझवून परत बसायची.

बाबांनी तिला शब्द दिला होता. मागे एकदा, दुसऱ्या गावच्या एका वर्कशॉपवाल्या बाई बाबांच्या गाड्या बघायला आल्या होत्या. छोट्या इंजिनांना डिजिटल करण्याचाच त्यांचा धंदा. थोरलीचं टेबल बघून त्यांनी बाबांच्या देखत विचारलं, "माझ्याकडे येता का? वर राहायला खोली आहे. हाताखाली चार माणसं देते." थोरलीचा चेहरा असा उजळला की तो झाकायला तिने चहा ठेवायला म्हणून पळ काढला. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "जा की. शेडमधल्या सगळ्या इंजिनांना आवाज फुटला की तू मोकळी. मी अडवणार नाही. ड्रायव्हरचा शब्द आहे."

शेडमधली सगळी इंजिनं! ही शेड म्हणजे काय मोजून मापून ठेवलेली होती? एकाला आवाज फुटला की जुन्या बाजारातून बाबा दुसरं घेऊन येत. "हे शेवटचं," म्हणत. आणि जी झाली होती त्यांतही खुसपटं काढत. याची शिट्टी घोगरी आहे. त्याचा ब्रेक उशिरा किंचाळतोय. हे चढावर असं धापा टाकत नाही, मी चालवलंय, मला सांगू नकोस.

थोरली चिडायची, पण मान खाली घालून कवच पुन्हा काढायची. कारण बाबांच्या कानावर तिचा आंधळा विश्वास होता. अगदी सुरुवातीला तिने एका हिरव्या डिझेलला आवाज बसवला होता. कंपनीने दिलेला, खात्रीचा. बाबांनी एकदाच भोंगा ऐकला आणि म्हणाले, "हा याचा नव्हे. हा याच्या मोठ्या भावाचा." तिने कंपनीला कळवलं, आणि कंपनीने चूक कबूल करून नवा आवाज पाठवला! तेव्हापासून बाबा बोलले की ती आपल्या कानांना दोष देई. त्यांनी आयुष्यभर इंजिनाशेजारी उभं राहून ऐकलं होतं. तिने काय ऐकलं होतं? मोबाइलच्या घंट्या.

इन्स्पेक्शनचा थाट तर बघण्यासारखा. बाबा खिडकीशी खुर्ची ओढून गाड्यांकडे पाठ करून बसत. "डोळे उघडे असले की कान फसतात," म्हणत. काठीचं टोक फळ्याच्या पायाला टेकवून ठेवत, डोळे मिटत, आणि बोट वर करत. बोट वर झालं की तिने इंजिन सोडायचं. फेरी झाली की तिने खिडकीपाशी जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं, आणि मग न्यायनिवाडा व्हायचा.

आता खरोखरच शेवटचं इंजिन टेबलावर होतं. काळं, ठेंगणं, कोळशाचं. बाबांनी पहिलं फावडं मारलं ते याच जातीच्या इंजिनावर. या इंजिनाच्या चाकाचा एक फेरा झाला की धुराड्यातून चार ठोके पडतात. चाक आणि ठोके जुळवणं हे सगळ्यांत किचकट काम, पण थोरलीने ते जुळवलं होतं. भिंगातून चाक बघत, कानाने ठोके मोजत, पुन्हा पुन्हा. तिच्या मते चारही चोख पडत होते.

"चौथा लंगडतोय," बाबा म्हणाले.

तिने ठोक्याची वेळ बदलली. "अजून लंगडतोय." स्पीकर बदलला. "चौथा." डिकोडरच बदलला. "थोडा बरा आहे. पण चौथा, तो चौथा काही खरा नाही."

तो चौथा ठोका तिच्या डोक्यात शिरला. भांडी घासताना चार, जिना चढताना चार, अंथरुणावर पडलं की छातीत चार. आणि दर वेळी चौथा खरंच लंगडतोय की काय असं वाटे. धाकटीला फोन केला की धाकटी उंटावरून शेळ्या हाकायची. "ताई, तू म्हणजे ना, भलतीच मऊ. सरळ बॅग उचल आणि नीघ. बाबांना मी बघते."

"कधी येतेस?"

"अगं, लगेच कसं? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ते एकदा होऊ दे." मागच्या खेपेला गुडघा होता. त्या बाईंच्या अंगावर आता दुरुस्त न केलेला भाग किती उरला होता देव जाणे.

त्या दिवशी सकाळीच वर्कशॉपवाल्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, पण बोलणं रोखठोक. "हे बघा, जागा मी तुमच्यासाठी अडवून धरलीय. पण आता माणसं मला विचारायला लागली. आज दुपारी फोन करते. हो की नाही, एवढंच सांगा. उचलला नाहीत तर नाही समजेन. राग धरणार नाही, पण पुन्हा विचारणारही नाही."

"मी हो म्हणणार आहे," थोरली पुटपुटली.

"मग आत्ताच म्हणा की!"

थोरलीने मोठ्या खोलीकडे बघितलं. बाबा शेडपाशी उभे होते, तळहात फळ्यावर पालथा ठेवून. तिला वाटलं, एक इंजिन तर राहिलंय. आज ते पास करून घेते, म्हणजे कुणाचं काही देणं लागत नाही. "दुपारी सांगते," ती म्हणाली. आता याला मूर्खपणा म्हणायचा की कर्तव्य, ते ज्याचं त्याने ठरवावं. काम अर्धं टाकून ती कधी उठली नव्हती, हेही तितकंच खरं.

मग ती इंजिनावर तुटून पडली. आवाजात दोष नसेल, तर चाकातच काही अडत असेल! हे आधी कसं सुचलं नाही? गिअरची बारीक खरखर ऐकायची तर इंजिनाचा बनावट आवाज आधी बंद करावा लागतो. कंट्रोलरवर आठ नंबरचं बटण दाबलं की डिकोडर गप्प. पुन्हा दाबलं की सुरू. तिने आठ दाबलं, इंजिन उताणं धरून कानाशी नेलं आणि मोटर हळू फिरवली. होती! खर्र, खर्र, अगदी बारीक. चिमट्याने चाचपता चाचपता गिअरमध्ये गुंडाळलेला एक केस निघाला. लांब, करडा. तिचाच. थोरली एकटीच खो खो हसली. तिच्या डोक्यावरचा केस, आणि त्यापायी बिचारा चौथा ठोका बदनाम!

ती धावतच मोठ्या खोलीत गेली. बाबांसमोर इंजिन नाचवून म्हणाली, "सापडलं, बाबा! बसा बघू इन्स्पेक्शनला!"

बाबा खुर्चीत बसले. काठी फळ्याच्या पायाला टेकली, डोळे मिटले, बोट वर झालं. थोरलीने इंजिन रुळांवर ठेवलं, नंबर दाबला आणि सोडलं. इतकं लोण्यासारखं ते कधीच चाललं नव्हतं. बोगद्यातून आलं, पुलावरून गेलं, दारासमोरच्या तुकड्यावरून सरसर पुढे गेलं. तिची नजर चाकाला चिकटलेली, जीव दुपारच्या फोनला टांगलेला, आणि तोंडातल्या तोंडात एक, दोन, तीन, चार. फेरी झाली. ती वळसा घालून बाबांसमोर उभी राहिली.

"हं," बाबा म्हणाले. "शिट्टी छान. पण पोरी, चौथा अजून लंगडतोय."

केस काढला, आता काय काढू? तिने वेळेची सेटिंग उघडायला कंट्रोलर वर घेतला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिला स्पीकरचं छोटं चित्र दिसलं. त्यावर आडवी रेघ. आवाज बंद.

आठ नंबर पुन्हा दाबायला ती विसरली होती.

इंजिन तोंड मिटून फिरून आलं होतं. ना ठोका, ना शिट्टी. कित्येक दिवस तोच आवाज डोक्यात वाजत असल्यामुळे तिच्या लक्षात आलं नव्हतं. पण बाबा? बाबांनी शिट्टी ऐकली होती. चौथा ठोका ऐकला होता.

"थांबा हं," ती म्हणाली. "एक बदल करून बघते." तिने काहीच बदललं नाही. आवाज तसाच बंद ठेवून इंजिन पुन्हा एकदा फिरवलं, आणि समोर जाऊन विचारलं, "आता?"

बाबांनी तोंडाचा चंबू केला, मान जरा कलती केली. "सुधारलाय. रुपयात बारा आणे. उद्या बघ जरा." आणि काठी मांडीवर आडवी घेऊन ते खिडकीबाहेर रस्ता बघू लागले.

थोरली फळ्यापाशी परत आली. तिने आठ दाबलं. आवाज पूर्ण वाढवला. मग शेडमधल्या एकेका इंजिनाचा नंबर दाबून त्याला जागं करत गेली: हिरवं डिझेल, निळं, मालगाडीचं धूड, आणि शेवटी काळं ठेंगणं. सगळ्यांचे भोंगे आणि शिट्ट्या एकदम सोडल्या. काय तो गदारोळ! कपाटाच्या काचा थरथरल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडूचा दांडा आपटला. समोरच्या गच्चीवरचं कुत्रं भुंकायला लागलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवरचा केससुद्धा हलला नाही.

तिने सगळं बंद केलं, आणि मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. "पुटपुटू नकोस, तोंड वर करून बोल," म्हणून ते खेकसायचे. तिला वाटायचं, बोलण्याचीही शिस्त लावतायत. दाराची घंटा त्यांनी तिच्याकडून फळ्यावरच्या लाल सिग्नलला जोडून घेतली होती. तिला वाटलं, म्हातारपणीची हौस. टीव्हीवर खाली अक्षरं येणारेच कार्यक्रम लावायचे; म्हणायचे, डोळ्यांना व्यायाम. आणि फळ्यावर पालथा ठेवलेला तो हात. फळ्याची थरथर चाचपणारं काठीचं ते टोक. आणि ती, दिवसभर आवाजच तर बनवत बसलेली, एकाच घरात, दोन वेळा समोरासमोर जेवणारी! तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की क्षणभर रागाला जागाच उरली नाही.

मग राग आला. असा आला की बास. ती त्यांच्या पाठीमागे उभी राहिली आणि बोलली. कुजबुजत नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात.

"तुम्ही खोटारडे आहात. मला फसवलंत तुम्ही. कवचं काढून काढून माझे डोळे गेले, बाबा. ऐकू येत नाही तर कसला लंगडतोय ठोका? माझं अर्धं आयुष्य हा फळा उचलून ये-जा करण्यात गेलं. मला जायचंय. मला तुमचा वीट आलाय. आई गेली तेव्हा मलाही कुणी विचारायला हवं होतं, हिला काय हवंय म्हणून. कुणी विचारलं नाही. तुम्हीही नाही."

बाबांनी नाक खाजवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल उतरवत होतं, ते बघत राहिले.

किती वर्षं ही वाक्यं तिच्या घशात अडकून होती. आज निघाली, आणि तीही ऐकू न येणाऱ्या पाठीशी! स्वतःच्या धीटपणाचं तिला हसू आलं आणि रडूही आलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि वळसा घालून खिडकी आणि खुर्चीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभी राहिली.

"बाबा, आवाज बंद होता."

"कशाचा?"

"इंजिनाचा. दोन्ही फेऱ्यांना. मी चालू करायला विसरले होते."

बाबांची नजर तिच्या ओठांवर होती. आता तिला ते स्पष्ट दिसत होतं. ते तिच्या डोळ्यांत बघतच नव्हते. ओठांवर, फक्त ओठांवर.

"मी कालचं सांगत होतो," ते म्हणाले. "काल लंगडत होता ना, तेच..." आणि थांबले. खोटं पुढे रेटायचं तर त्यालाही बळ लागतं. काठीची मूठ ते उगाच अंगठ्याने पुसत राहिले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"डावा तर तुझी आई होती तेव्हाच गेला. तिला ठाऊक होतं. ती माझ्या डाव्या बाजूला कधी बसायची नाही, बघितलं नाहीस? उजवा मग हळूहळू. त्या हिरव्या डिझेलचा भोंगा मला नीट कळला. त्यानंतर नुसती गाज. आता तीही नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

थोरलीने खोटं बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "नसते गेले."

"मग?"

"मग काय मग! जाऊ द्यायचंच होतं तर ही खुसपटं कशाला काढलीत? जा म्हणायचंत, संपलं असतं."

बाबांनी सुरुवात केली, अडले, पुन्हा सुरुवात केली. या माणसाला आयुष्यात शब्दांसाठी अडखळताना तिने बघितलं नव्हतं. "तू जाऊ नयेस म्हणून," शेवटी ते म्हणाले. "रोज ठरवायचो, आज पास करायचं. बोट वर केलं की म्हणायचो, आज नक्की. मग तू समोर येऊन उभी राहायचीस आणि तोंडातून निघायचं, चौथा लंगडतोय. मला एवढंच वाटत होतं की बहिऱ्या बापाला कोण बघणार म्हणून तू राहायला नकोस. ते मला बघवलं नसतं. इंजिन नीट होत नाही म्हणून राहिलीस तर तुला राग इंजिनाचा येईल. माझा नाही."

"मला तुमचाच येत होता, बाबा."

"असं होय." ते कसनुसे हसले. "म्हणजे तेही फुकट गेलं."

दोघंही हसली. हसता हसता थोरलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि बाबांनी मान फिरवली. मग ते काठीवर जोर देऊन उठले, फळ्यापाशी गेले आणि काळ्या ठेंगण्या इंजिनावर बोट ठेवलं. "पास," ते म्हणाले. "शेड पूर्ण. आता जा तू. त्या बाईंना हो म्हणून सांग. माझं मी बघेन. लोक काय एकटे राहत नाहीत?"

ते बोलत होते, आणि थोरलीला घर ऐकू येऊ लागलं. न्हाणीघरातला नळ टपटपत होता. फ्रिज धडधडून बंद पडला. शेगडीवर तिने मंद ठेवलेलं दूध खदखदत वर येत होतं. खाली रस्त्यावर एक मोटार मागे येताना भोंगा वाजवत होती. त्या रस्त्याने बाबा रोज संध्याकाळी एकटे चालायला जात. न्हाणीघरात माणूस पडला तर आपटल्याचा आवाज होतो. गॅस गळला तर फुसफुस होते. हे सगळं या घरात फक्त तिला ऐकू येत होतं, आणि ती गेली की कुणालाच येणार नव्हतं. बाबांनी जे टाळायला एवढं सोंग केलं, ते आता तिच्या मानेवर येऊन बसलं होतं. खोट्या चौथ्या ठोक्यासाठी ती चिडत, कुरकुरत, पण एक दिवस नक्की निघाली असती. आता रागवायलाही कुणी उरलं नव्हतं.

आतल्या खोलीत, टेबलावर, सोल्डरच्या रिळांमध्ये ठेवलेला तिचा फोन वाजायला लागला.

तिची मान आपोआप तिकडे वळली. बाबांनी ते टिपलं. डोळे तर त्यांचे शाबूत होते. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा उघडा पडला. आशा आणि भीती, दोन्ही जशीच्या तशी.

"काय झालं?" ते म्हणाले. "त्या बाई असतील. फोन वाजतोय ना? घे की, घे पटकन."

फोन टेबलावर थरथरत वाजत होता. वाजत राहिला. थोरलीने मान परत त्यांच्याकडे फिरवली, चेहरा उजेडात धरला.

"नाही वाजत, बाबा," ती म्हणाली. त्यांना ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश म्हणाली.